एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन ड्राइव्ह, दोन ऑपरेटिंग सिस्टीम: काय वेगळं होतं आणि काय एकच राहतं

विंडोज पण पाहिजे, लिनक्स पण पाहिजे आणि कॉम्प्युटर मात्र एकच आहे, ही गरज खूप जणांची असते. कुणाचं कामाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं पण प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स हवं असतं, कुणाला गेमपुरतं विंडोज ठेवायचंय, आणि कुणाच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून हळूहळू दुसरीकडे सरकायचंय पण जुनं एकदम सोडवत नाही. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो हा की आहे त्याच डिस्कचे दोन भाग करा, अर्धी जागा ह्याला आणि अर्धी त्याला. चालतं तसं, बरेच जण वर्षानुवर्षं तसंच वापरतात. पण माझं मत विचाराल तर मशीनमध्ये दुसरा ड्राइव्ह बसायला जागा असेल तर पार्टिशनच्या फंदात पडूच नका, एक वेगळा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेला वेगवान ड्राइव्ह, घ्या आणि दुसरी सिस्टीम सरळ त्याच्यावर टाका.

कारण साधं आहे. चालू विंडोजचं पार्टिशन लहान करताना तुम्ही ज्या डिस्कवर तुमचा डेटा आहे त्याच डिस्कची आखणी बदलत असता, आणि मध्येच लाइट गेली किंवा डिस्कमध्ये आधीच काही बिघाड असेल तर दोन्हीकडचं जाऊ शकतं. वेगळ्या ड्राइव्हवर हे होत नाही, जुन्या डिस्कला हातच लागत नाही. उद्या लिनक्स नकोसं झालं तर तो ड्राइव्ह काढून ठेवला की झालं, जागा कमी पडली तर त्या एकाच सिस्टीमचा ड्राइव्ह मोठा घेता येतो, आणि एक ड्राइव्ह मेला तरी दुसऱ्यावरून मशीन चालू होतं. म्हणजे निदान चालू व्हायला पाहिजे. बऱ्याच जणांच्या बाबतीत होत नाही, आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय, कारण दोन ड्राइव्ह बसवले म्हणजे दोन्ही सिस्टीम आपोआप स्वतंत्र झाल्या असं लोक धरून चालतात आणि ते तसं नसतं. प्रत्येक ड्राइव्ह दुसरा नसतानाही एकटा, स्वतःच्या जोरावर सुरू झाला पाहिजे, हे एक साधलं तर बाकीच्या सगळ्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत, आणि हे नाही साधलं तर दोन ड्राइव्ह घेऊन फारसा उपयोग नाही.

हे समजायला कॉम्प्युटर सुरू कसा होतो ते थोडं बघावं लागेल.

बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स लगेच जागं होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला एक छोटा प्रोग्रॅम चालतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ह्या प्रोग्रॅमचं नाव बायोस होतं आणि आजही आपण सवयीने बायोसच म्हणतो, पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास सगळ्या मशीनमध्ये प्रत्यक्षात यूईएफआय असतं. जुन्या बायोसला फार अक्कल नव्हती. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचायचा, त्यातल्या ४४६ बाइटमध्ये जो काही कोड असेल तो चालवायचा आणि बाजूला व्हायचा, पुढचं त्या कोडने बघायचं. त्याच तुकड्यात पार्टिशनचा तक्ता पण असायचा, तोही फक्त चार मुख्य पार्टिशनचा, आणि नेहमीच्या ५१२ बाइट सेक्टरच्या डिस्कवर त्याची मजल साधारण २ टीबीपर्यंतच. एका डिस्कवर सुरुवातीचा कोड ठेवायची जागा एकच, त्यामुळे लिनक्स टाकल्यावर वरून विंडोज टाकलं की विंडोज तो कोड पुसून स्वतःचा लिहायचं आणि लिनक्स दिसेनासं व्हायचं. "आधी विंडोज टाका, मग लिनक्स" हा सल्ला त्या काळातला आहे. वेगळे ड्राइव्ह असतील आणि पुढे सांगतो तसं केलंत तर आज ह्या क्रमाला काही अर्थ उरत नाही, कुठलीही आधी टाका.

यूईएफआय हुशार आहे. त्याला फाइल वाचता येतात. डिस्कवर एक छोटं पार्टिशन असतं, फॅट३२ फॉरमॅटचं, त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात, आणि त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम आपापला फोल्डर करून स्वतःची सुरू करणारी फाइल म्हणजे बूटलोडर ठेवते. विंडोजचा मायक्रोसॉफ्ट नावाचा फोल्डर, उबुंटूचा उबुंटू नावाचा, फेडोराचा फेडोरा नावाचा (हे दोन्ही लिनक्सचेच प्रकार). विंडोज स्वतः करतं ते पार्टिशन बहुतेक वेळा जेमतेम १०० एमबीचं असतं. त्याशिवाय मदरबोर्डवर थोडीशी मेमरी असते जी मशीन बंद केल्यावरही पुसली जात नाही, तिच्यात एक यादी असते: विंडोजची फाइल अमुक ड्राइव्हच्या अमुक पार्टिशनवर, उबुंटूची तमुक ठिकाणी, आणि आधी कुणाला विचारायचं त्याचा क्रम. ह्या यादीतल्या नोंदीत पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक लिहिलेला असतो, त्यामुळे केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घातली तरी सहसा नोंद चुकत नाही.

एक गोष्ट अजून आहे जी फार कमी जण सांगतात. यादीत नोंदच नसेल, म्हणजे ड्राइव्ह नवीनच लावला असेल किंवा दुसऱ्या मशीनमधून आणला असेल, तर यूईएफआय त्याच्यावरच्या त्या छोट्या पार्टिशनमध्ये बूट नावाच्या ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू होतो तो असाच, त्याची नोंद तुमच्या मदरबोर्डमध्ये आधीपासून कुठे असते? ही ठरलेल्या जागेची फाइल आपल्या प्रत्येक ड्राइव्हवर असणं फार मोलाचं आहे, कारण काही मदरबोर्ड ड्राइव्ह थोडा वेळ जरी काढला तरी त्याची नोंद यादीतून उडवून टाकतात, आणि मग ड्राइव्ह परत लावल्यावर लोक घाबरतात की सगळं गेलं. गेलेलं काही नसतं, फक्त पत्ता पुसलेला असतो. विंडोज ही जादा फाइल स्वतःहून ठेवतं. लिनक्समध्ये ग्रब हा बूटलोडर टाकताना रिमूव्हेबल हा पर्याय दिला की तोही ठेवतो.

आता खरी गडबड कुठे होते ते बघू. विंडोजचा ड्राइव्ह आधीच आहे, त्याच्यावर ते छोटं पार्टिशन आहे. तुम्ही नवीन ड्राइव्ह लावला, लिनक्सचा इन्स्टॉलर सुरू केला, नवीन ड्राइव्ह निवडला, सगळं नीट झालं, रीस्टार्ट केलं, लिनक्स आलं, खूश. पण इन्स्टॉलरने काय केलेलं असतं, तर लिनक्सची सगळी सिस्टीम नव्या ड्राइव्हवर टाकली आणि बूटलोडर मात्र विंडोजच्या ड्राइव्हवरच्या छोट्या पार्टिशनमध्ये, कारण त्याला तिथे एक तयार सापडलं. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरबद्दल तर ही तक्रार कित्येक वर्षं होती, बूटलोडर कुठे टाकायचा ते विचारणारा रकाना स्क्रीनवर दिसायचा, तुम्ही त्यात दुसरा ड्राइव्ह निवडलात तरी यूईएफआय मशीनवर तो पहिल्याच ड्राइव्हवर जायचा. आणि हे एकतर्फी नाही, विंडोज पण तेच करतं: लिनक्सचा ड्राइव्ह आधी असेल आणि तुम्ही नव्या ड्राइव्हवर विंडोज टाकलंत तर त्याच्या सुरू व्हायच्या फाइल बिनदिक्कत लिनक्सच्या ड्राइव्हवरच्या पार्टिशनमध्ये जाऊन बसू शकतात. हे म्हणजे दोन भाडेकरूंना वेगळ्या खोल्या दिल्या आणि दोघांच्या किल्ल्या एकाच्याच खोलीत टांगल्या. रोज दोघंही आत जातात, कुणाला काही कळत नाही, आणि ज्या दिवशी तो एक घर सोडतो त्या दिवशी दुसरा बाहेर. प्रत्यक्षात हा दिवस येतो तेव्हा लोक जुना विंडोजचा ड्राइव्ह फॉरमॅट करतात किंवा विकून टाकतात, आणि दुसऱ्या ड्राइव्हवरचं लिनक्स, ज्याला कुणी हात पण लावला नव्हता, सुरूच होत नाही.

ह्यावर उपाय इतका सोपा आहे की लोक कंटाळा करतात तेव्हा वाईट वाटतं. नवीन सिस्टीम टाकताना जुना ड्राइव्ह काढून ठेवा. डेस्कटॉप असेल तर मशीन पूर्ण बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग केबलने जोडलेल्या सॅटा ड्राइव्हची केबल उपसायची, किंवा थेट मदरबोर्डवर बसणारा एम डॉट टू वाला एनव्हीएमई ड्राइव्ह असेल तर एक स्क्रू काढून तो बाजूला ठेवायचा. समोर दुसरा ड्राइव्हच नसल्यामुळे इन्स्टॉलरला सगळं ह्याच ड्राइव्हवर करावं लागतं, छोटं पार्टिशन पण इथेच, बूटलोडर पण इथेच. ह्यात अजून एक मोठा फायदा आहे, चुकून भलताच ड्राइव्ह निवडून फॉरमॅट व्हायची शक्यताच संपते, आणि माझ्या मते तो फायदा पहिल्यापेक्षाही मोठा आहे, कारण बूटलोडर परत टाकता येतो पण पुसलेले फोटो परत येतील ह्याची खात्री नाही. मशीन उघडायचं नसेल तर बऱ्याच मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये एखादं सॅटा पोर्ट बंद करायची सोय असते, एनव्हीएमईसाठी ती प्रत्येक बोर्डवर सापडेलच असं नाही. आणि अगदीच काही जमत नसेल तर इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन स्वतः हाताने करायचा पर्याय निवडा, नव्या ड्राइव्हवर ईएफआय सिस्टीम पार्टिशन करा, ५१२ एमबी ते १ जीबी पुरतं, आणि तेच वापरायला सांगा. पण इन्स्टॉल झाल्यावर ते खरंच ऐकलंय का ते तपासा.

तपासायचं कसं? विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे प्रत्येक डिस्कची पट्टी दिसते आणि कुठल्या पार्टिशनवर ईएफआय सिस्टीम पार्टिशन लिहिलंय ते दिसतं. दोन्ही डिस्कवर एकेक असायला पाहिजे. लिनक्समध्ये डिस्क्स नावाचा प्रोग्रॅम तेच दाखवतो, शिवाय बूट फोल्डरच्या आत जे ईएफआय नावाचं ठिकाण आहे ते कुठल्या ड्राइव्हवरून जोडलंय तेही तिथे कळतं. पण हे सगळं बघूनसुद्धा खरी परीक्षा एकच: एक ड्राइव्ह काढा, मशीन सुरू करा, आलं का? मग तो लावा, दुसरा काढा, आलं का? दोन्ही वेळेला आलं तर तुमचं काम पक्कं झालं.

आणि आधीच चुकीच्या जागी गेलं असेल तर परत सगळं टाकायची गरज नाही. विंडोजसाठी त्याच्या ड्राइव्हवर थोडी जागा मोकळी करून नवीन ईएफआय पार्टिशन करायचं आणि बीसीडीबूट ही विंडोजचीच कमांड वापरून सुरू व्हायच्या फाइल तिथे परत लिहायच्या. लिनक्ससाठीही तसंच, नवीन पार्टिशन, ते बूट फोल्डरच्या आतल्या ईएफआय ह्या ठिकाणी जोडायचं, कायमच्या जोडणीची जी फाइल असते तिच्यात जुन्याच्या जागी नव्याचा ओळख क्रमांक लिहायचा, आणि ग्रब परत टाकायचा. तासाभराचं काम आहे, पण त्याआधी बॅकअप घ्या. आणि तो ह्याच मशीनमधल्या दुसऱ्या ड्राइव्हवर नको, कारण पॉवर सप्लाय बिघडला तर दोन्ही एकदम जाऊ शकतात.

रोज निवडायचं कसं, हा पुढचा प्रश्न. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मशीन सुरू होताना बूट मेनूचं बटण दाबायचं, डेल, लेनोवो आणि गिगाबाइटवर बहुतेक एफ१२ असतं, एचपीवर एफ९, एमएसआय आणि एसरॉकच्या बोर्डवर एफ११, एसुसच्या बोर्डवर एफ८. यादी येते, त्यातून हवं ते घ्यायचं. ह्या पद्धतीत दोन्ही सिस्टीमना एकमेकींचा पत्ताच नसतो आणि मला हेच सगळ्यात स्वच्छ वाटतं. दुसरा रस्ता म्हणजे लिनक्सचा ड्राइव्ह क्रमात पहिला ठेवायचा आणि ग्रबच्या मेनूमध्ये विंडोजची ओळ आणायची. इथे लोक अडकतात कारण २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा भाग, ओएस प्रोबर, मुळात बंद करून ठेवलाय, सुरक्षेच्या कारणाने, त्यामुळे मेनूत विंडोज दिसत नाही आणि वाटतं की विंडोज उडालं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ते चालू केलं आणि मेनू परत बनवला की दिसतं. ज्याला दिसायला छान आणि आपोआप सगळं शोधणारा मेनू हवा त्याने रीफाइंड बघावं. आणि हो, विंडोजचा मोठा अपडेट आल्यावर कधीकधी क्रमात विंडोज परत पहिलं येऊन बसतं, तेव्हा घाबरायचं नाही, फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलायचा, बस्स.

इथपर्यंत ड्राइव्हचं झालं. पण दोन्ही सिस्टीम शेवटी एकाच मदरबोर्डवर आहेत, आणि मदरबोर्डच्या गोष्टी वेगळ्या होत नाहीत, ड्राइव्ह कितीही वेगळे करा.

सगळ्यात आधी लक्षात येतं ते घड्याळ. मदरबोर्डवर एकच घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ म्हणजे यूटीसी धरतं, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तासांनी चुकलेली दिसते, तुमचा टाइमझोन यूटीसीपासून जितका लांब तितकी. नुसतं दिसण्यापुरतं नाही, चुकीच्या वेळेमुळे वेबसाइटची सर्टिफिकेट नाकारली जातात, फाइलच्या तारखा गोंधळतात. लिनक्सला एका कमांडने सांगता येतं की घड्याळ स्थानिक वेळेत धर, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून त्याला यूटीसी पाळायला लावता येतं. दोन्हीपैकी एकच करा, दोन्ही केलंत तर पुन्हा उलटी गडबड.

मग सिक्युअर बूट. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये हे सगळीकडे पसरलं. सही असलेलाच बूटलोडर चालू द्यायचा अशी ही व्यवस्था. उबुंटू, फेडोरा, डेबियन वगैरेंचा पहिला टप्पा म्हणजे शिम हा मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, त्यामुळे ते चालू ठेवूनही लिनक्स टाकता येतं आणि मी तरी म्हणेन चालूच ठेवा. पण कुठल्या सह्या चालतील आणि कुठल्या बाद झाल्या हे मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेलं असतं, आणि ती मेमरी दोघांची एकच. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्याचा अनुभव खूप जणांनी घेतला. विंडोजच्या एका अपडेटने जुने धोकादायक बूटलोडर बाद करण्यासाठी तिथे नवीन नियम लिहिले, मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं की दोन सिस्टीम असलेल्या मशीनवर हे लागू होणार नाही, पण बऱ्याच मशीनवर लागू झालं आणि लिनक्स सुरू होताना सुरक्षा नियमाचं उल्लंघन असा मेसेज देऊन थांबायला लागलं. ज्यांचं लिनक्स वेगळ्या ड्राइव्हवर होतं तेही सुटले नाहीत. डेटा कुणाचा गेला नाही, सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्समध्ये जाऊन, तो नियम काढून आणि शिम अपडेट करून सगळं परत रुळावर येत होतं. पण वेगळा ड्राइव्ह म्हणजे पूर्ण वेगळं मशीन नाही, हे ह्याच्यापेक्षा स्पष्ट कशाने दिसणार.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क एनक्रिप्ट (कुलूपबंद) करायची सोय, तिचं पण तसंच, आणि इथे जास्त सावध राहायला हवं. विंडोजची डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर तिची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम ह्या सुरक्षेच्या भागात असते आणि सुरू होताना काही बदललंय असं टीपीएमला वाटलं, म्हणजे तुम्ही सिक्युअर बूट बंद केलं, ग्रबमधून विंडोज सुरू केलं, फर्मवेअर अपडेट केलं, की ते किल्ली देत नाही आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा गेला, खरंच गेला, कुणीही काढून देऊ शकत नाही. बऱ्याच जणांना आपल्या मशीनवर हे चालू आहे ते माहीतच नसतं, कारण नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एनक्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप सुरू होतं. म्हणून दुसरा ड्राइव्ह लावायच्या आधी, स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्याही आधी, ती रिकव्हरी की शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. बूट मेनूच्या बटणाने विंडोज सुरू करायची पद्धत मला आवडते त्याचं हेही एक कारण, ग्रब मध्ये येत नाही त्यामुळे टीपीएमची तक्रारही सहसा येत नाही.

ब्लूटूथचं छोटंसं सांगून ठेवतो. हेडफोन विंडोजमध्ये जोडला, लिनक्समध्ये जोडला, परत विंडोजमध्ये आलात तर तो जोडला जात नाही, कारण ब्लूटूथची चिप एकच असल्यामुळे हेडफोनच्या लेखी दोन्ही सिस्टीम म्हणजे एकच मशीन, आणि तो शेवटची ठरलेली किल्लीच लक्षात ठेवतो. हेडफोन बिघडलेला नाही.

आता फास्ट स्टार्टअप, ज्याच्यामुळे डेटाचं खरं नुकसान होऊ शकतं. विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर एका फाइलमध्ये झोपवून ठेवतं म्हणजे पुढच्या वेळी पटकन उठता येईल. ह्या अवस्थेत विंडोजने जोडलेले सगळे ड्राइव्ह, फक्त सी नाही, डी असो की ई, अर्धवट उघड्या वहीसारखे पडलेले असतात. आता तुम्ही लिनक्समध्ये गेलात आणि तिथून त्या ड्राइव्हवर काही लिहिलंत, आणि मग विंडोज जागं झालं, तर त्याच्या डोक्यात जुनंच चित्र असतं, आणि ते त्या जुन्या चित्राप्रमाणे वर लिहायला लागतं. फाइल खराब होतात, गायब होतात. म्हणून लिनक्स अशा झोपलेल्या ड्राइव्हवर बहुतेक वेळा लिहूच देत नाही, फक्त वाचायला देतं, आणि लोकांना वाटतं परवानगीची काहीतरी कटकट आहे आणि ते जबरदस्तीने लिहायचे मार्ग शोधतात. नका शोधू. विंडोजच्या पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि हायबरनेटही वापरू नका. एसएसडीवर विंडोज तसंही पटकन सुरू होतं, फार काही गमावत नाही आपण. रीस्टार्ट मात्र खरं पूर्ण बंद करूनच होतं, त्यामुळे कुणा दुसऱ्याच्या मशीनवर असाल तर शट डाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये जा.

दोन्हीकडे लागणाऱ्या फाइल कुठे ठेवायच्या? विंडोजला लिनक्सचे फॉरमॅट वाचता येत नाहीत. लिनक्सला विंडोजचा एनटीएफएस वाचता-लिहिता येतो, २०२१ च्या ५.१५ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) तर त्याचा नवीन ड्रायव्हर कर्नेलमध्येच आलाय. एक्सफॅट हा फॉरमॅट दोघांनाही चालतो, मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचा आराखडा खुला केला आणि २०२० च्या ५.७ कर्नेलमध्ये चांगला ड्रायव्हर आला. फॅट३२ चा विचार करू नका, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. मी म्हणेन सामायिक जागा एनटीएफएसमध्ये ठेवा, कारण एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं, म्हणजे लिहिताना लाइट गेली तर सावरायला काही नसतं. पण प्रोग्रॅमिंगचं काम, कोडचे फोल्डर वगैरे लिनक्सच्या स्वतःच्या ड्राइव्हवरच ठेवा, तिथल्या फाइल परवानग्या विंडोजच्या फॉरमॅटवर नीट टिकत नाहीत.

आणि एक धोक्याची सूचना, विंडोजला लिनक्सचं पार्टिशन ओळखता येत नाही तेव्हा ते कधीकधी विचारतं की ही डिस्क वापरायला आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? नाही म्हणा. घरात दुसरं कुणी मशीन वापरत असेल तर त्यांनाही सांगून ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सची डिस्क ऑफलाइन करून टाका, मग विंडोज तिच्या वाटेला जात नाही आणि प्रश्नही विचारत नाही.

ड्राइव्ह विकत घेताना फार विचार करायची गरज नाही. विंडोज ११ ला कमीत कमी ६४ जीबी लागतात, उबुंटू डेस्कटॉपला २५ जीबी सांगतात, पण प्रत्यक्षात २५६ जीबीच्या खाली जाऊ नका. सॅटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट, पण जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून येत असाल तर दोन्ही सारखेच वेगवान वाटतील. मदरबोर्डचं मॅन्युअल मात्र वाचा, कारण बऱ्याच बोर्डवर दुसरा एम डॉट टू स्लॉट वापरला की एखाद-दुसरं सॅटा पोर्ट बंद पडतं, आणि मग जुना ड्राइव्ह दिसेनासा झाला की लोक त्याला दोष देतात.

लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट असेल तर सगळं वरच्यासारखंच. नसेल तर यूएसबीच्या बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स छान चालतं, विंडोजसाठी मात्र तो रस्ता मायक्रोसॉफ्टने २०२० च्या विंडोज १० अपडेटपासून बंदच केला. काही लॅपटॉपमध्ये इंटेलची आरएसटी ही ड्राइव्ह सांभाळणारी व्यवस्था चालू असते आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला ड्राइव्हच दिसत नाही, तेव्हा फर्मवेअरमध्ये त्याऐवजी एएचसीआय ही साधी पद्धत निवडावी लागते. ते सरळ बदललं तर विंडोज निळा स्क्रीन दाखवतं, म्हणून आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगायचं, मग सेटिंग बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं आणि मग नेहमीसारखं.

आणि तुम्हाला लिनक्स फक्त बघायचंय, चार कमांड शिकायच्यात, तर हे काहीच नको. विंडोजमध्ये व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरा. वेगळा ड्राइव्ह तेव्हा घ्या जेव्हा दुसऱ्या सिस्टीमला ग्राफिक्स कार्डासकट पूर्ण मशीन हवं असेल किंवा रोज तिथेच बसायचं असेल.

कधी एक सिस्टीम कायमची काढायची वेळ आली तर क्रम असा ठेवा. आधी जी ठेवायची आहे ती क्रमात पहिली करा आणि दुसरा ड्राइव्ह काढून एकदा सुरू करून बघा. सुरू झाली तरच पुढे जा, नाही झाली तर तिचा बूटलोडर दुसऱ्याच ड्राइव्हवर राहिलाय, तो आधी इकडे आणा. मग तो ड्राइव्ह परत लावून खुशाल पुसा. मदरबोर्डच्या यादीत जुन्या सिस्टीमचं नाव तरीही दिसत राहील, ती नोंद ड्राइव्ह पुसल्याने जातेच असं नाही. तिने काही बिघडत नाही, पण नको असेल तर लिनक्समधून ईएफआय बूट मॅनेजर ही कमांड वापरून तिचा नंबर बघून काढता येते, आणि काही बोर्डवर फर्मवेअरच्या सेटिंगमधूनही.